‘माझं घर’चा तास

फोन वाजला तेव्हा सुनयनाबाईंच्या हातात बाळकृष्णाची मूर्ती होती, अर्धी पुसलेली. त्यांनी फोनकडे पाहिलं आणि पुन्हा मूर्तीकडे. पूजा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा चातुर्मासातला नेम. दुसरा नेम परान्नाचा. चार महिने दुसऱ्याच्या घरचं काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. खांदेश्वरच्या त्यांच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शाळेतही.

"अगं, तुझ्या मोठ्या बाईंचा फोन," म्हणत सुभाषरावांनी तो उचलला आणि स्पीकर लावला.

"नमस्कार सर! गीतांजली बोलतेय. मॅडम आहेत का?"

"आहे ना. पण पूजा चाललीय, मौन असतं तिचं. तुम्ही बोला, ऐकतेय ती."

"अरे वा, मग बरंच झालं! बोलत्या असत्या तर नाहीच म्हणाल्या असत्या." पलीकडे हसू फुटलं. "आज पाचला आपल्या संस्थेच्या सगळ्या बालवाड्यांच्या शिक्षिका ऑनलाइन येणारेत. छोट्या मुलांना पडद्यावरून शिकवायचं कसं, एवढाच विषय. नवीन मुली अगदी रडकुंडीला आल्यात हो! तर मी ठरवलंय, सुनयनाबाईंचा रेकॉर्ड केलेला तास लावायचा. तो ‘माझं घर’वाला."

बाळकृष्णावरचा पंचा थांबला.

"काय मस्त घेतलाय! मुलं फोन घेऊन घरभर पळतायत, स्वयंपाकघर काय, देवघर काय. एकदम नॅचरल. आणि ती एक मुलगी एकाच जागी गरगर फिरते ना, तिथे तर सगळ्या हसून लोळणार. शेवटी ते जे काय झालं ते कापायला सांगितलंय मी. टेन्शन नका घेऊ. लावू ना मग?"

सुनयनाबाईंनी जोरजोरात मान हलवली. ओला हात हलवला. पाण्याचे थेंब सुभाषरावांच्या पायावर उडाले. ते हसले. हळदीकुंकवात पहिला मान असो की सोसायटीच्या गणपतीची आरती, बायको आधी ‘नको नको’च करते हे ते लग्न झाल्यापासून बघत आले होते.

"नको म्हणतेय ती, पण ते नेहमीचंच. लावा तुम्ही. आनंदाने लावा!"

फोन बंद झाला.

एक शब्द बोलायचा होता. ‘नको’, एवढाच. देवाने काही डोळे वटारले नसते. पण तो ओठांपर्यंत आला आणि नेमाच्या आड जाऊन बसला. आणि सुनयनाबाईंना मनातून पक्कं ठाऊक होतं, की त्याला तिथे बरंच वाटत होतं. बाळकृष्णाला पाळण्यात ठेवताना त्यांना त्याच्या डोळ्यांकडे बघवेना.

पूजा उरकल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हो कशाला म्हणालात?"

"अगं, कौतुक करतायत तुझं."

"कौतुक नाही ते."

"मग काय आहे?"

त्या निर्माल्य गोळा करत राहिल्या. त्या तासाला काय झालं, हे त्यांनी घरात सांगितलंच नव्हतं.

‘माझं घर’ हा बालवाडीतला जुनाच पाठ. शाळा शाळेतच भरायची तेव्हा सुनयनाबाईंकडे पुठ्ठ्याचं घर होतं, त्याला काडेपेटीची चूल होती. पण साथीमुळे शाळा बंद होत्या आणि यंदाच्या मुलांनी शाळाच पाहिली नव्हती. त्यांची शाळा म्हणजे आईचा नाहीतर बाबांचा फोन, आणि त्यात चौकटीचौकटीतून दिसणारी एकमेकांची कपाळं. मग त्यांना फोडणी घालता घालता सुचलं, पुठ्ठ्याचं कशाला? मुलांनी आपापलं खरं घरच दाखवू दे की! त्या इतक्या खूश झाल्या, की आदल्या दिवशी पालकांच्या गटावर त्यांनी लिहिलंसुद्धा, ‘उद्या आम्ही सगळे तुमच्या घरी येतोय हं, आवरून ठेवा!’

आणि तास रंगला. "चला, स्वयंपाकघरात!" म्हटलं की सगळ्या चौकटी हलायला लागायच्या. पंखा, जमीन, कुणाच्या आजोबांचे पाय, मग एकदम गॅसची शेगडी. शौनक तर ओरडला, "बाई, आमच्याकडे दोन न्हाणीघरं आहेत!"

एका चौकटीखाली ‘शहाजी’ असं नाव होतं. तो फोन वैष्णवीच्या वडिलांचा. ते तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलत. स्वयंपाकघर म्हटलं की ही चौकट जागच्या जागी फिरली आणि शेगडीपाशी थांबली. देवघर म्हटल्यावर पुन्हा फिरली, फळीपाशी थांबली. झोपायची खोली म्हटल्यावर आणखी थोडी फिरली. तिथे गुंडाळलेल्या वळकट्या.

"बाई, ती तिथल्या तिथंच फिरतेय! चीटिंग करतेय!" शौनक म्हणाला.

मुलं हसली. मुलांच्या मागे बसलेल्या दोनचार आयाही हसल्या.

सुनयनाबाईंनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. त्याच गोड आवाजात त्या म्हणाल्या, "वैष्णवी, आळस नाही करायचा, बाळा. बाकीचे बघ कसे पळत गेले! आणि खोटं खोटं नाही दाखवायचं हं, देवबाप्पाला आवडत नाही. आता न्हाणीघर मात्र खरं दाखव."

"खरं दावते, बाई."

आणि ती चौकट पहिल्यांदाच चालायला लागली. दोनच पावलं. समोर दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं. एक इवलासा हात पुढे झाला आणि त्याने ते लुगडं बाजूला ओढलं.

ओले पांढरे केस, म्हातारी पाठ, आणि दचकून वळलेला चेहरा. "आगं ए!" असं कुणीतरी ओरडलं आणि चौकट काळी झाली.

मग कुठूनतरी दाबलेलं हसू आलं. आणि सुनयनाबाई म्हणाल्या, "चला, आता सगळ्यांनी टाटा करा बघू."

त्यांना नंतर रात्रंदिवस सलला तो हा टाटा. सगळ्या मुलांनी हात हलवले होते. त्यांनी स्वतःही हलवला होता, हसून.

वैष्णवी त्यानंतर वर्गात आलीच नाही. शहाजीने एकदा फोन उचलला, "रेंज नाय बाई हितं," म्हणाला आणि ठेवून दिला. आणि आता त्याच तासावर आज पाच वाजता सगळ्या शिक्षिका पुन्हा हसणार होत्या.

"मी जरा तुर्भ्याला जाऊन येते," त्यांनी पायात चपला सरकवत सांगितलं.

"आत्ता? तिथे काय?"

"एक मुलगी आहे."

बसमधून उतरल्या तेव्हा ऊन तापलं होतं. मार्केटच्या भिंतीकडेने ट्रक उभे होते आणि कांद्याची सालं उडून गटाराच्या जाळीला चिकटली होती. विचारत विचारत त्या मागच्या चाळीत पोचल्या. एका उघड्या दाराशी एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. शहाजीची आई, वेणूबाई. सून बाळंतपणाला गावी गेली, तेव्हा नातीला सांभाळायला ती साताऱ्याकडून आली होती.

"मी वैष्णवीच्या शाळेतली. सुनयनाबाई."

म्हातारीने वर पाहिलं आणि आधी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तो चेहरा सुनयनाबाईंनी एकदाच पाहिला होता, ओला. ते दोघींनाही ठाऊक होतं.

"या. हितं बसा, पाटावर. फरशी वली हाय."

पाटावर बसल्या बसल्या, मानही न वळवता, सुनयनाबाईंना सगळं घर दिसलं. शेगडी. फळीवर विठोबाची तसबीर, तिला ताजी तुळस. वळकट्या. सगळं जिथे त्या मुलीने दाखवलं होतं तिथेच होतं. फक्त मोरीपुढे लुगड्याच्या जागी आता कोरा पत्रा ठोकलेला होता.

"शहाजीनं ठोकला," त्यांची नजर पाहून वेणूबाई म्हणाल्या. "म्हणलं ऱ्हाऊ दे. ऐकतोय व्हय त्यो."

"वेणूताई, त्या दिवशी माझं..."

"च्या टाकते." आणि वेणूबाईंनी पाठ फिरवली.

चहा कपबशीत आला. घरात बहुधा तेवढी एकच कपबशी असावी. तिच्या जोडीची दुसरी कुठे दिसत नव्हती. कप समोर आला आणि सुनयनाबाईंची जीभ सवयीने चालली, "नको हो, माझा नेम आहे. चातुर्मासात मी बाहेरचं काही..."

वेणूबाईंचा हात तसाच राहिला. ‘बाहेरचं’ हा शब्द त्या एका खोलीत कसा वाजला, ते सुनयनाबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"बरं," वेणूबाई म्हणाल्या. "आमच्यातलं न्हाई चालत काई जणास्नी."

"अहो, तसं नाही! माझ्या सख्ख्या बहिणीकडेही नाही घेत मी. द्या, द्या इकडे." त्यांनी हात पुढे केला.

पण वेणूबाईंनी कपावर तळवा ठेवला. दुसऱ्या हाताने गळ्यातली तुळशीची माळ चाचपली.

"नगं, बाई. माळकरी हाय मी. नेम म्हंजी काय, त्ये कळतंय मला. आमच्यापायी नगा मोडू."

मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून तो चहा बशीत ओतला आणि स्वतः प्यायला. सुनयनाबाईंचा पुढे केलेला हात तसाच होता. तो त्यांना हळूहळू मागे घ्यावा लागला.

वळकट्यांच्या मागून कुणीतरी डोकावलं. कपाळ ओळखीचं होतं, बाकीची मुलगी सुनयनाबाईंनी आज पहिल्यांदा पाहिली.

"आजे, बाईंला पाय हायत!"

"मग काय आसतंय?"

"फोनात नसत्यात."

सुनयनाबाईंना हसू आलं. "ये गं इकडे."

वैष्णवी आली, पण हाताच्या अंतरावर थांबली. पायाच्या अंगठ्याने फरशी घासत म्हणाली, "मी खोटं नव्हते दावत."

"हो गं बाळा. तू खरंच दाखवत होतीस."

"मग शौनकला सांगा की."

"गप गं!" वेणूबाई म्हणाल्या. मग बाईंकडे वळून खाली आवाजात, "कुणाला काय सांगू नगा. हितल्याच एकीचं नातरू तुमच्या वर्गात हाय. नळाव गेलं की बाया तोंडाला पदर लावून हसत्यात. मी आता अंधारातच पाणी आणती. आमचं नाव काढू नगा, बाई. इसरू द्या समद्यास्नी."

एक म्हणत होती सांगा, दुसरी म्हणत होती सांगू नका. दोघीही बरोबर होत्या.

"तिला वर्गात पाठवा," सुनयनाबाई शेवटी म्हणाल्या. "कॅमेरा लावू नका. काळं दिसू दे. नुसता आवाज पुरे मला."

"त्या फोनच्या डब्यात आमचं घर दिसायचं न्हाई?"

"नाही दिसणार."

"बघू. शहाजीचा फोन घरी आसला तर."

व्हिडिओचं सांगायलाच तर त्या आल्या होत्या. पण तुम्हाला आज पाच वाजता पुन्हा हसणार आहेत, हे वाक्य कुठल्या तोंडाने उच्चारायचं? त्या उठल्या. वाकून नमस्कार करावासा वाटला, पण तोही त्या म्हातारीला लाजवणारा झाला असता. म्हणून नुसतंच "येते" म्हणाल्या.

बस थांब्यावर उभं राहून, ट्रकच्या भोंग्यांत त्यांनी फोन लावला.

"मॅडम, तो व्हिडिओ नाही लावायचा."

"का हो? सर तर सकाळी हो म्हणाले!"

"ते म्हणाले. मी बोलत नव्हते."

"अहो पण सगळं सेट झालंय. ते शेवटचं कापलंय म्हटलं ना?"

"शेवटच्याआधीचंही चुकलंय. तिथे मी बोलतेय." आवाज त्यांनी खाली येऊ दिला नाही. "तुमच्याकडून काढूनच टाका तो, मॅडम. कृपा करा."

पलीकडे मोठा सुस्कारा. "तुम्ही म्हणजे ना! मग पाच वाजता मी दाखवू काय? तुम्हीच बोला आता."

पाच वाजता सुनयनाबाई बोलल्या. तयारी नव्हती. आवाज इतका बारीक, की दोनदा "मॅडम, जरा मोठ्याने" असं आलं. कौतुकाची प्रस्तावना गीतांजलीबाईंनी आवरती घेतली होती, ते एक बरं झालं. मध्येच एका मुलीने, बहुधा पहिल्याच वर्षाच्या, मान खाली घालून विचारलं, "मॅडम, मुलं बघतच नाहीत हो माझ्याकडे. कुणी आईच्या मांडीत झोपतं, कुणी उठून जातं. मी तास संपला की रोज रडते. मला जमतच नाहीये बहुतेक."

"मलाही नाही जमलेलं," सुनयनाबाई म्हणाल्या. कुणाला तो विनय वाटला. "पण तुम्ही रडता म्हणजे तुम्हाला ती मुलं दिसतायत. ते महत्त्वाचं. तास छोटा ठेवा. मूल फार वेळ बसत नाही, त्यात त्याचा दोष नाही. सुरुवातीलाच एकेकाला नावाने हाक मारा, म्हणजे त्याला कळतं, बाईंना मी दिसलो. उत्तर आई कानात सांगत असेल, तर आईला म्हणा, तुम्हीही हाताची घडी घाला. आया हसतात आणि गप्प बसतात. गाणं सगळ्यांकडून एकदम म्हणवून घेऊ नका, आवाज मागेपुढे होतो, नुसत्या हातांच्या हालचाली घ्या. आणि मांडीत झोपलं तर झोपू द्या. ऐकत असतं ते."

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मुलांना वस्तू आणायला सांगा. पण वाटी सांगा, चमचा सांगा, डाळीचे चार दाणे सांगा. ज्या घरात आपण गेलो नाही, तिथे जे नक्की असेल तेवढंच मागा. घर दाखव म्हणू नका. आणि मूल जे दाखवेल ते खरं माना."

"किती सुंदर सांगितलंत, मॅडम!" ती मुलगी म्हणाली. "तुमच्यासारख्या बाई मिळायला नशीब लागतं मुलांना."

सुनयनाबाईंनी पदराने चेहरा पुसला. कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालं होतं. स्वतःच्या चौकटीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, कुंकू लावलेला, शांत, सात्त्विक. त्यांनी तो बघायचं टाळलं.

सोमवारी त्यांनी फोन स्वयंपाकघरात ठेवला. मुलं एकेक करून आली. नावं घेता घेता त्या हळूच खाली बघत होत्या. ‘शहाजी’ नव्हतं. त्या थोडं थांबल्या, पुन्हा एकदा प्रार्थना घेतली. मग कोपऱ्यात एक काळी चौकट उमटली. त्यात ना कपाळ, ना आवाज. आत मूल होतं, की शहाजीच्या खिशात फोन नुसताच लागून राहिला होता, कोण जाणे.

"मुलांनो, आज बाईंचं घर बघायचं," सुनयनाबाई म्हणाल्या आणि फोन हातात घेऊन जागच्या जागी वळल्या. "हे स्वयंपाकघर. हे बघा, इथेच माझं देवघर. आणि इथे खाली चटई टाकून मी दुपारी पडते. म्हणजे ही झाली झोपायची खोली."

"बाई, तुम्ही तिथल्या तिथंच फिरताय!" शौनक ओरडला.

"हो. घर एका खोलीतही मावतं, शौनक. ज्यांचं तसं असतं, ते तसंच दाखवतात. ते खरंच असतं. बाईंना तेव्हा कळलं नव्हतं. बाई चुकल्या."

"बाईसुद्धा चुकतात?"

"हो."

शौनकचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला. "म्हणजे ती चीटिंग नव्हती करत?"

त्यांनी नाव घेतलं नव्हतं, त्यानेही घेतलं नाही. मागे बसलेल्या आयांपैकी एक एकदम खाली वाकून काहीतरी उचलायला लागली.

"नाही," सुनयनाबाई म्हणाल्या. "नव्हती करत."

काळ्या चौकटीतून काही आलं नाही. आपण म्हातारीचं म्हणणं मोडलं की पोरीचं पाळलं, याचा हिशेब त्यांना लागेना. त्यांना तिथून उठून जावंसं वाटलं. पण मुलं वाट बघत होती.

"चला, आता प्रत्येकाने एक वाटी आणायची. रिकामी. पळा!"

चौकटी रिकाम्या झाल्या. उरल्या नुसत्या भिंती, सोफ्यांच्या कडा, फिरणारे पंखे. सगळीकडे शांतता. त्या शांततेत त्या कोपऱ्यातल्या काळ्या चौकटीत, अगदी फोनजवळ, कुणीतरी फरशीवर वाटी टेकवल्याचा आवाज झाला. मग चमच्याने तिच्यावर एकदा, हलकंसं वाजवलं.

बाकीची मुलं वाट्या घेऊन ओरडत परत आली. "बाई, माझी बघा! बाई, माझी मोठी!" सुनयनाबाईंनी सगळ्यांच्या पाहिल्या, सगळ्यांना छान म्हटलं. काळ्या चौकटीपाशी आल्यावर त्या थांबल्या.

"तुझी ऐकली मी," त्या म्हणाल्या, आणि पुढचं नाव घेतलं.